आधी धमन्या, शेवटी शीर

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत आपल्याकडे एक प्रश्न हमखास विचारला जातो. ‘चालताना चप्पल पायातून निसटते का?’ उत्तर ‘हो’ आलं की लगेच दुसरा प्रश्न: ‘निसटली की कळतं का?’ निसटते ते कळतं, पण पाऊल ती धरून ठेवू शकत नाही, असं असेल तर स्नायू अशक्त झालेत. चप्पल मागेच राहिली, चार पावलं पुढे गेलो आणि कुणीतरी हाक मारली तेव्हा कळलं, असं असेल तर बिघाड वेगळा आहे. पाऊल कुठे आहे आणि तळव्याला काय लागतंय, ही खबर मेंदूपर्यंत पोचत नाहीये. मग त्याच ओघात आणखी एक प्रश्न येतो. बेसिनशी उभं राहून तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो का? डोळे उघडे असताना नजर पायांची उणीव भरून काढते, मिटले की ती उघडी पडते.

ही खबर नेणारे तंतू मज्जारज्जूच्या मागच्या बाजूनं वर जातात. या लेखाचा विषय असलेली गाठ बहुतेक वेळा नेमकी तिथेच, मागच्या बाजूला वाढते. तिचं नाव हेमॅन्जिओब्लास्टोमा. ती कर्करोगाची नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रतवारीत ती पहिल्या, म्हणजे सगळ्यांत सौम्य पायरीवर आहे. मज्जारज्जूत उगवणाऱ्या गाठींमध्ये तिचा वाटा शंभरात साधारण दोन ते सहा इतकाच. पण ती रक्तवाहिन्यांनी इतकी गच्च भरलेली असते की इतर गाठी काढण्याची नेहमीची रीत इथे चालत नाही. जवळजवळ उलटी रीत लागते, आणि तिच्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

ही गाठ सापडायला वेळ लागतो. मान किंवा पाठ दुखते, हाताला मुंग्या येतात, म्हणून गेलेल्या माणसाला आधी ‘मणक्यात गॅप आहे’ असं ऐकायला मिळतं. मग पट्टा, ट्रॅक्शन, व्हिटॅमिनच्या गोळ्या. चाळिशीनंतर एक्स-रे काढला तर मणक्यांची थोडीफार झीज बहुतेकांना असतेच, त्यामुळे शंका यायलाही जागा राहत नाही. याचा दोष मी कुणाला देणार नाही. पाठदुखीच्या हजारो रुग्णांत अशी गाठ एखाद्यालाच असते. मात्र काही गोष्टी झिजेच्या खात्यावर टाकून देऊ नयेत: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, महिन्यागणिक वर सरकत जाणारा बधिरपणा, अंधारात अडखळणं, शर्टाची बटणं लावताना होणारी धडपड, लघवीवरचा ताबा सैल होणं.

एमआरआयमध्ये गॅडोलिनियमचं इंजेक्शन देऊन चित्रं घेतली की गाठ पांढरीशुभ्र उजळते. कडा रेखीव, आकार काही मिलिमीटर, क्वचित एक-दोन सेंटिमीटर. तिच्याभोवती फुगलेल्या वाहिन्यांच्या नागमोडी काळ्या रेघा. पण पहिल्यांदा ही चित्रं पाहणाऱ्याची नजर गाठीवर जातच नाही. ती जाते मज्जारज्जूच्या आत पसरलेल्या पाण्याच्या लांबच लांब पोकळीवर. गाठ एका मणक्याच्या उंचीवर बसलेली आणि पोकळी वर-खाली कित्येक मणके ओलांडून गेलेली, असं दृश्य या आजारात नेहमीचं आहे.

प्रौढ माणसाचा मज्जारज्जू साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो, बायकांमध्ये थोडा कमी. जाडी बहुतेक ठिकाणी एक ते दीड सेंटिमीटर, वजन ३५ ग्रॅमच्या आसपास. मानेखालच्या शरीराची मेंदूशी चालणारी जवळजवळ सगळी देवाणघेवाण एवढ्याशा जागेतून होते. शिवाय तो मणक्यांच्या हाडांच्या नळीत बंद. तिथे काहीही फुगलं तरी सरकायला जागा नाही. रक्तपुरवठाही तुटपुंजा: पुढून एक धमनी, मागून दोन बारीक धमन्या, आणि त्यांना मध्येमध्ये येऊन मिळणाऱ्या थोड्या शाखा. त्यातल्या सगळ्यांत मोठ्या शाखेला पोलंडच्या क्राको शहरात काम करणाऱ्या आल्बर्ट अडामकिएविच यांचं नाव आहे. १८८२ च्या सुमारास त्यांनी मज्जारज्जूच्या धमन्यांचा नकाशा तयार केला. ही शाखा बहुधा डावीकडून, छातीच्या शेवटच्या मणक्यांपाशी आत शिरते. ती एक बंद झाली तरी दोन्ही पाय जाऊ शकतात.

आता प्रश्न असा की एवढ्याशा गाठीभोवती एवढं पाणी कुठून येतं? अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत एडवर्ड ओल्डफिल्ड, रसेल लॉन्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा छडा लावला. अशा रुग्णांची एमआरआय चित्रं त्यांनी वर्षानुवर्षं लागोपाठ काढून ठेवली होती. दिसलं ते असं की आधी गाठीभोवतीच्या भागाला सूज येते आणि पोकळी नंतर, त्याच जागी तयार होते. गाठीतल्या वाहिन्यांच्या भिंती गळक्या असतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं त्यातून बाहेर झिरपतात. भोवतालच्या भागाला ते शोषून घेता येईनासं झालं की पाणी साचून पोकळी होते. म्हणजे पोकळी हा गाठीचा भाग नव्हे, गळतीचा परिणाम आहे. शल्यविशारदाला याचा मोठा आधार वाटतो. पोकळीच्या भिंती खरवडायच्या नाहीत, तिला नळी घालायची नाही. गाठ काढली की ती आपोआप खाली बसते.

गाठ काढायची मात्र कशी?

मज्जारज्जूवर दाबणारी गाठ शस्त्रक्रियेनं यशस्वीपणे काढल्याचं पहिलं प्रसिद्ध उदाहरण लंडनमधलं, जून १८८७ चं. रुग्ण लष्करातला एक कॅप्टन, तीनेक वर्षं असह्य दुखण्यानं बेजार, पाय गेलेले. विल्यम गॉवर्स यांनी केवळ लक्षणांवरून गाठ कुठे असेल ते सांगितलं. क्ष-किरणांचा शोध तेव्हा आठ वर्षं दूर होता. व्हिक्टर हॉर्स्ली यांनी पाठ उघडली, मणक्यांच्या मागच्या कमानी काढल्या, आणि तिथे काहीच सापडलं नाही. जखम शिवण्याची वेळ आली, तेव्हा मदतीला असलेल्या चार्ल्स बॅलन्स यांनी आणखी एक कमान वर जाऊन पाहू या असा आग्रह धरला. गाठ तिथे होती. पुढे तो कॅप्टन चालू-फिरू लागला. मला या गोष्टीत हॉर्स्लींइतकंच मोल बॅलन्स यांच्या हट्टाचं वाटतं, पण पाठ्यपुस्तकांत त्यांना एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

ती गाठ मज्जारज्जूच्या बाहेर होती, बाजूनं दाबत होती. आतली गाठ काढायची तर मज्जारज्जूच चिरावा लागतो, आणि ती हिंमत व्हायला आणखी वीस वर्षं गेली. व्हिएन्नाच्या अँटोन फॉन आयझेल्सबर्ग यांनी १९०७ मध्ये अशी गाठ काढली. न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स एल्सबर्ग यांनी १९११ मध्ये जी पद्धत मांडली ती आज ऐकायला विचित्र वाटते. मागच्या बाजूनं मज्जारज्जूला उभी चीर द्यायची, गाठ चिरेतून डोकावू लागली की थांबायचं, वरची जखम शिवून रुग्णाला वॉर्डात पाठवायचं. आठवड्याभरानं पुन्हा उघडायचं. आतल्या दाबानं तोवर गाठ बरीचशी बाहेर ढकलली गेलेली असते, मग ती हळूच सोडवून घ्यायची. मायक्रोस्कोप नाही, रक्त थांबवायला धड साधन नाही, अशा काळात ओढाताण टाळण्याचा याहून शहाणा मार्ग दुसरा नव्हता.

रक्तानं भरलेल्या गाठीला मात्र नुसती वाट पाहणं पुरत नाही. बॉस्टनमध्ये हार्वे कुशिंग यांनी १ ऑक्टोबर १९२६ ला विल्यम बोव्ही यांचं विजेवर चालणारं उपकरण पहिल्यांदा वापरलं, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतला रक्तस्राव आटोक्यात येऊ लागला. याच कुशिंगनी पर्सिव्हल बेली यांच्यासोबत १९२८ मध्ये मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या गाठींवर पुस्तक लिहिलं आणि हेमॅन्जिओब्लास्टोमाला वेगळी ओळख दिली. बोव्हीच्या उपकरणात एक अडचण होती. त्यातली वीज टोकापासून निघून रुग्णाच्या शरीरातून परत जाते, वाटेतल्या तंतूंनाही पोळते. मज्जारज्जूजवळ हे परवडणारं नाही. ह्यूस्टनच्या जेम्स ग्रीनवुड यांनी १९४० मध्ये चिमट्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडेच वीज वाहील अशी युक्ती काढली, पुढे न्यूयॉर्कच्या लेनर्ड मॅलिस यांनी ती सुधारली. आज ‘बायपोलर’ म्हटलं की थिएटरमधली सिस्टरही डोळे मिटून जो चिमटा हातात देते, तो हाच. चिमट्यात धरलेली वाहिनी तेवढी बंद होते, शेजारचा तंतू वाचतो.

आणि मग मायक्रोस्कोप. तुर्कस्तानात जन्मलेले, झ्युरिकला काम करणारे गाझी याशारगिल १९६५ मध्ये अमेरिकेत व्हरमाँटला गेले आणि पीअर्डन डोनाही यांच्या प्रयोगशाळेत एक मिलिमीटरच्या आसपासच्या वाहिन्या मायक्रोस्कोपखाली शिवायला शिकले. परत येऊन त्यांनी मेंदूच्या शस्त्रक्रियेचा चेहराच बदलला. मज्जारज्जूतल्या हेमॅन्जिओब्लास्टोमाच्या बारा रुग्णांवरचा त्यांचा लेख १९७६ मध्ये आला. ही गाठ तुकड्यातुकड्यानं नव्हे तर अखंड, एका तुकड्यात काढता येते, ही गोष्ट त्यानंतर वादाची राहिली नाही.

अखंडच का, हे समजायला दुसऱ्या गाठींकडे पाहू या. मज्जारज्जूत सगळ्यांत जास्त आढळणारी गाठ, एपेंडिमोमा, काढताना शल्यविशारद तिच्या पोटात शिरतो. ध्वनिलहरींनी गाठ फोडून शोषून घेणारं यंत्र चालवून ती आतून पोकळ करतो, मग सैल झालेलं कवच आत ओढून घेतो. कॅव्हर्नोमा नावाची रक्तवाहिन्यांचीच आणखी एक सौम्य गाठ असते. पण तिच्यातलं रक्त अगदी संथ, जवळजवळ साचलेलं असतं, त्यामुळे तीही आतून रिकामी करता येते. हेमॅन्जिओब्लास्टोमात सुरी घातली तर धमनीच्या दाबानं रक्त उसळतं. ते थांबवायला म्हणून चिमटा इकडेतिकडे लावत सुटलं की इजा गाठीला कमी आणि मज्जारज्जूला जास्त. म्हणून नियम ठरला: गाठीच्या आत कधीच जायचं नाही. तपासणीसाठी छोटासा तुकडासुद्धा काढायचा नाही. फक्त कडेकडेनं फिरायचं.

शस्त्रक्रियेची तयारीही वेगळी. रुग्ण पालथा झोपवलेला. भूल शक्यतो फक्त शिरेतून, कारण श्वासातून देण्याच्या भुलीच्या वायूंनी मज्जारज्जूतले विद्युतसंदेश मंदावतात, आणि हेच संदेश शस्त्रक्रियाभर मोजायचे असतात. डोक्यावर आणि हातापायांत बारीक सुया. पायाच्या नसेला हलका धक्का दिला की संदेश मेंदूपर्यंत पोचतो का, हे एका पडद्यावर; मेंदूला धक्का दिला की पायाचा स्नायू हलतो का, हे दुसऱ्या. या धक्क्यानं जबडा आवळून जीभ चावली जाऊ नये म्हणून दातांमध्ये मऊ गुंडाळी. स्नायू सैल करणारं औषध श्वासनळीत नळी घालण्यापुरतंच, कारण नंतर तेच स्नायू साक्षीदार असतात. रक्तदाब पडू द्यायचा नाही, कारण दाबाखाली असलेल्या मज्जारज्जूला रक्त कमी पडायला निमित्तच हवं असतं.

मणक्यांच्या कमानी काढल्या की जाड आवरणावर अल्ट्रासाउंडचा प्रोब ठेवून गाठ नक्की कुठे आहे ते पाहतात. आवरण उघडलं की मायक्रोस्कोपमध्ये दिसते ती केशरी-लाल गाठ, पृष्ठभागावर अर्धवट बाहेर आलेली, आणि तिच्यावरून वेटोळी घालत गेलेल्या जाड, लालभडक वाहिन्या. इथे पहिला सापळा. लालभडक म्हणजे धमनी, असा आपला समज असतो. पण गाठीतून रक्त इतक्या वेगानं जातं की प्राणवायू उतरायला सवडच मिळत नाही. गाठीतून परतणारं रक्तही लालच राहतं, आणि ते वाहून नेणारी शीर धमनीसारखी दिसते. ती सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत वर असल्यानं हात आधी तिच्याकडेच जातो.

शेतातल्या वाफ्यात पाटाचं पाणी जोरात येत असताना बाहेर जाणारं तोंड आधी बुजवलं तर काय होईल, ते शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. गाठीचंही तेच. शीर आधी बंद केली तर आत येणारं रक्त बाहेर पडायला वाट राहत नाही. गाठ फुगते, टणक होते, फुटू शकते, आणि नुसती फुगली तरी शेजारचा मज्जारज्जू चेंगरतो. म्हणून आधी एकेक धमनी बंद करायची, शीर अगदी शेवटी. धमनी कुठली आणि शीर कुठली हे ओळखायला आता इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग शिरेतून सोडतात. मायक्रोस्कोपमधला खास कॅमेरा लावला की आधी धमन्या उजळतात, मग गाठ, मग शीर, आणि काही सेकंदांत वाहिन्यांचा क्रम कळून येतो.

मग खरं काम सुरू होतं, आणि ते कंटाळवाणं असतं. मज्जारज्जूवर एक पातळ पापुद्रा असतो, पायामॅटर. गाठ आणि पापुद्रा जिथे भेटतात ती रेषा शोधायची. तिथल्या बारीक धमन्या कमी विजेच्या बायपोलरनं, वर सतत सलाइनची धार सोडत, एकेक करून बंद करायच्या आणि कापायच्या. मध्येच गाठीच्या पृष्ठभागावर चिमटा हलके फिरवायचा. तिचं कवच आकसतं, गाठ मिलिमीटरभर लहान होते, आणि तेवढीच फट तयार होते. गाठीला बारीक टाका घेऊन हळू उचलायचं, खालच्या धमन्या शोधायच्या. मज्जारज्जूला ओढायचं नाही, सगळा ताण गाठीवर. पडद्यावरचा आलेख खाली येऊ लागला तर हात काढून घ्यायचा, कोमट सलाइन टाकायचं, रक्तदाब वाढवायला सांगायचं आणि थांबायचं. कित्येकदा आलेख परत वर येतो. अशा मिनिटांत काहीही न करणं जमायला अनुभव लागतो.

धमन्या बंद होत गेल्या की शीर बोलते. तिच्यातला लाल रंग उतरू लागतो, मग ती काळपट-निळी होते. याचा अर्थ गाठीत येणारं धमनीचं रक्त जवळजवळ थांबलं. आता शीर बंद करून कापायची, आणि गाठ उचलून बाजूला ठेवायची. हे नीट जुळून आलं तर वाटीभर रक्तही जात नाही.

सगळ्याच गाठी इतक्या सोयीच्या जागी नसतात. मज्जारज्जूच्या पुढच्या बाजूला असलेल्या गाठीचा पुरवठा पुढच्या मुख्य धमनीच्या शाखांतून येतो, आणि ही धमनी हातपाय हलवणाऱ्या भागालाही रक्त देते. तिथे जोखीम कितीतरी जास्त. शस्त्रक्रियेआधी कॅथेटर घालून धमन्या आतूनच बुजवाव्यात, असाही एक मार्ग आहे. काही मोठ्या गाठींत तो उपयोगी पडतो, पण बुजवायचं द्रव्य चुकून मुख्य धमनीत गेलं तर लकवा ठरलेला. त्यामुळे बहुतेक शल्यविशारद तो सरसकट वापरत नाहीत.

शुद्धीवर आल्यावर रुग्णाला बहुधा पहिला धक्का बसतो तो पाय अधिक बधिर वाटतात याचा. कारण गाठीकडे जाणारी वाट त्याच मागच्या तंतूंमधून गेलेली असते. यातला बराच भाग आठवड्या-महिन्यांत ओसरतो, थोडा राहूनही जातो. फिजिओथेरपीत पुन्हा चालायला शिकताना पायांकडे पाहून पावलं टाकायची सवय लावतात, रात्री उठताना दिवा लावूनच उतरायला सांगतात. आंघोळीला स्टूल घेऊन बसावं लागतं. साधारण तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय होतो, आणि एवढी पसरलेली पोकळी त्यात बहुधा चपटी पडलेली दिसते. गाठ पूर्ण निघाली असेल तर त्याच जागी ती सहसा परत येत नाही. शस्त्रक्रियेनंतर माणूस किती चालेल हे मात्र मोठ्या प्रमाणात तो शस्त्रक्रियेआधी किती चालत होता यावर ठरतं. व्हीलचेअरवर आलेल्या माणसाला चालवणं कठीण. चालत आलेल्याला चालतं ठेवणं हे पुष्कळदा जमतं. म्हणून एकुलती एक, त्रास देऊ लागलेली गाठ काढायला विनाकारण उशीर करत नाहीत.

गाठ पॅथॉलॉजीत गेली की तिथे एक जुनं कोडं वाट पाहत असतं. हेमॅन्जिओब्लास्टोमाच्या मूळ पेशी चरबीच्या थेंबांनी भरलेल्या, फिकट दिसतात. मूत्रपिंडाच्या एका कर्करोगाच्या पेशीही अशाच दिसतात, आणि तो कर्करोग मज्जासंस्थेत पसरू शकतो. इन्हिबिन नावाच्या प्रथिनासाठी खास रंग लावला की हेमॅन्जिओब्लास्टोमाच्या पेशी बहुधा रंगतात, कर्करोगाच्या सहसा नाही. गोंधळ वाढवायला भर अशी की दोन्ही आजार एकाच माणसाला असू शकतात, आणि त्यामागे एकच जनुक असू शकतं.

जर्मन नेत्रतज्ज्ञ ऑयगेन फॉन हिप्पेल यांनी १९०४ मध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या लालसर गाठींचं वर्णन केलं. स्वीडनमध्ये लुंडच्या अर्विड लिंडाउ यांनी १९२६ मध्ये त्या गाठींचा लहान मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या गाठींशी संबंध जोडला. आजाराला दोघांचं नाव मिळालं: फॉन हिप्पेल-लिंडाउ, किंवा नुसतं व्हीएचएल. मज्जारज्जूत हेमॅन्जिओब्लास्टोमा असलेल्या रुग्णांपैकी साधारण पाव ते एक तृतीयांश जणांना हा आनुवंशिक आजार असतो, बाकीच्यांची गाठ एकटीच असते. तो साधारण ३६,००० जन्मांमागे एकाला होतो. आई किंवा वडिलांकडून येण्याची शक्यता निम्मी, पण पाचांतल्या एका रुग्णात घराण्यात आधी कुणालाच नसतो.

हे आधी कळणं किती महत्त्वाचं आहे याचं एक कारण थेट ऑपरेशन टेबलावरचं आहे. व्हीएचएलमध्ये मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत फिओक्रोमोसायटोमा नावाची गाठ होऊ शकते, आणि ती रक्तात अचानक अ‍ॅड्रिनॅलिनसारखी द्रव्यं ओतते. ती न ओळखता भूल दिली तर रक्तदाब जीवघेणा चढू शकतो. म्हणून व्हीएचएलचा संशय असलेल्या माणसाची मज्जारज्जूची शस्त्रक्रिया ठरवण्याआधी रक्ताची किंवा लघवीची मेटानेफ्रिन तपासणी करतात, आणि ती गाठ सापडली तर आधी तिचा बंदोबस्त. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात हॅटफिल्ड आणि मॅकॉय या दोन घराण्यांत रक्तरंजित भांडण चाललं होतं. त्यातल्या मॅकॉयच्या काही वंशजांत व्हीएचएल आढळला, तेव्हा त्या भांडणाचं मूळ याच गाठीतल्या अ‍ॅड्रिनॅलिनमध्ये शोधणाऱ्या बातम्या २००७ मध्ये छापून आल्या. गोष्ट चटकदार आहे, पण भाऊबंदकीला एवढ्या मोठ्या कारणाची गरज नसते हे आपल्याला ठाऊक आहेच.

जनुक १९९३ मध्ये सापडलं, तिसऱ्या गुणसूत्रावर. गाठ इतकी रक्ताळ का, याचं उत्तर त्यातून मिळालं. प्राणवायू कमी पडला की पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन साचतं. ते नव्या रक्तवाहिन्या उगवण्याचा आणि तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूम देतं. प्राणवायू पुरेसा असताना व्हीएचएल जनुकाचं प्रथिन या एचआयएफला खूण करून नष्ट करायला पाठवतं. जनुक बिघडलं की ही खूण होत नाही. भोवती प्राणवायू भरपूर असूनही पेशी गुदमरल्याची हाकाटी करत राहते, आणि शरीर तिच्याकडे वाहिन्यांवर वाहिन्या पाठवतं. काही रुग्णांत तर हिमोग्लोबिनही वाढलेलं सापडतं आणि गाठ काढल्यावर पूर्ववत होतं. पेशी प्राणवायू कसा ओळखते, याच्या शोधासाठी विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं. केलिन यांचं त्यातलं काम व्हीएचएलपासूनच सुरू झालं होतं.

याच साखळीवर घाव घालणारी बेल्झुटिफॅन ही गोळी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट २०२१ मध्ये व्हीएचएलच्या रुग्णांसाठी मान्य केली. ती एचआयएफचा एक प्रकार निकामी करते. तिचा मुख्य दुष्परिणाम रक्तक्षय, आणि तो अपेक्षितच म्हणायचा, कारण तांबड्या पेशी वाढवण्याचा हुकूमही तीच साखळी देत होती. गर्भाला धोका असल्यानं गरोदरपणात ती चालत नाही.

व्हीएचएलच्या रुग्णात मज्जारज्जूत एकाच वेळी पाच-दहा गाठी असणं नवल नाही. सगळ्या काढायला गेलं तर आयुष्य शस्त्रक्रियांतच जाईल. त्यात या गाठी एका गतीनं वाढत नाहीत; वर्षानुवर्षं गप्प बसतात, मग काही महिन्यांत वाढतात, पुन्हा थांबतात. नुसत्या एमआरआयवर वाढलेली दिसली म्हणून कापायचं ठरवलं तर कित्येक गाठी उगाच काढल्या जातील. म्हणून लक्षणं देणारी गाठ काढायची आणि बाकीच्यांवर नजर ठेवायची, अशी रीत आहे. घरातल्या मुलांची जनुक-तपासणी करून ज्यांना दोष आला आहे त्यांचे डोळे लहानपणापासून दरवर्षी तपासतात, आणि मेंदू-मज्जारज्जूचा एमआरआय साधारण अकराव्या वर्षापासून सुरू होतो. ज्यांना दोष आलेला नाही त्यांची या फेऱ्यांतून सुटका होते. गोळीमुळे काही गाठी आक्रसतात, काही शस्त्रक्रिया टळतात किंवा पुढे ढकलल्या जातात. पण पाय झपाट्यानं जड होत चाललेल्या माणसाला गोळीचा गुण यायची वाट पाहायला सवड नसते. त्याला अजूनही टेबलावर पालथं झोपावं लागतं, आणि क्रमही तोच राहतो.